कोरफडीतले दोन रस

कोरफडीचे पान देठाजवळ कापून ताटलीत तिरके उभे ठेवले, की सालीच्या आतल्या कडेने पिवळे, दाट थेंब पाझरू लागतात. हवा लागली की ते तपकिरी पडतात, त्यांचा वास उग्र असतो आणि बोटाला लागलेला अंश चुकून जिभेवर गेला तर त्याचा कडवटपणा बराच वेळ तोंडातून जात नाही. त्याच पानाची साल सोलली तर आत पारदर्शक, बुळबुळीत, जवळजवळ बेचव गर निघतो. पान एकच असले, तरी रसायने म्हणून, औषधे म्हणून आणि अपायाच्या दृष्टीने या दोन पदार्थांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध आहे. त्यामुळे "कोरफड घ्यावी का?" असे कोणी विचारले, की मी आधी उलट विचारते: पानाचा कोणता भाग, किती, किती दिवस, आणि घेणाऱ्याच्या शरीराची स्थिती काय? एवढे विचारले की बहुतेकांचा उत्साह ओसरतो, कारण त्यांना होय किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते.

माझी नोकरी वडोदऱ्यातील एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत झाली. १९०७ साली येथे अलेम्बिकची स्थापना झाली, तेव्हापासून हे शहर औषधनिर्मितीशी जोडलेले आहे, आणि दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतून त्या धंद्यात गेलेले एखादे तरी माणूस सापडतेच. वनस्पतिजन्य कच्चा माल तपासताना अंगवळणी पडलेली सवय म्हणजे, एखादी वनस्पती "गुणकारी" आहे असे कोणी म्हणाले, की तिच्यातला नेमका कोणता पदार्थ, किती टक्के, हे विचारणे. कोरफडीविषयी लिहितानाही मी त्याच सवयीने लिहीत आहे.

आधी गराकडे पाहू, कारण त्याची गोष्ट तुलनेने साधी आहे. गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या अंशात महत्त्वाचा घटक म्हणजे ॲसिमॅनन ही लांब साखळीची शर्करा. मॅनोज या साध्या साखरेचे कण एकमेकांना जोडून ती तयार होते आणि गराचा बुळबुळीतपणा बराचसा तिच्यामुळेच असतो. हा पदार्थ नाजूक आहे. पान तोडल्यानंतर त्यातली विकरे त्याचे तुकडे करू लागतात आणि प्रक्रियेत उष्णता जास्त झाली तरी तो मोडतो, त्यामुळे ताज्या पानातला गर आणि दुकानातल्या बाटलीतला किंवा भुकटीतला गर यांत अंतर पडते. बाजारातील काही भुकटींमध्ये कोरफडीऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन हा स्वस्त स्टार्चजन्य पदार्थ मिसळलेला आढळला आहे, आणि तो ओळखण्यासाठी प्रयोगशाळांना स्वतंत्र चाचण्या ठेवाव्या लागल्या आहेत.

त्वचेवर लावण्यासाठी गराला चांगले नाव आहे आणि ते अगदीच निराधार नाही. १९३५ साली अमेरिकेत कॉलिन्स आणि कॉलिन्स या दोघांनी क्ष-किरणांमुळे झालेल्या त्वचादाहावर ताज्या पानाचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले आणि तिथून आधुनिक वैद्यकाचे या झाडाकडे लक्ष गेले. पुढे किरकोळ आणि मध्यम भाजण्यावर झालेल्या काही लहान चाचण्यांत कोरफड लावलेल्या जखमा लवकर भरल्या. मात्र १९९१ मधील एका अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष नेमका उलटा होता: सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत भरल्या, तर कोरफडीचे जेल लावलेल्या जखमांना सरासरी ८३ दिवस लागले. तव्याचा चटका बसलेल्या बोटावर धुतलेला गर लावायला माझी हरकत नाही. खोल जखम, टाके किंवा मधुमेही माणसाच्या पायाची जखम यांवर घरच्या कुंडीतला गर लावू नये, असे मी निक्षून सांगते. काहींच्या त्वचेला गरानेसुद्धा खाज सुटते किंवा पुरळ उठते, आणि त्यामागे बहुधा गराला चिकटून आलेला पिवळा चीक असतो.

खरी गुंतागुंत या चिकात आहे. सालीच्या लगेच आत, रसवाहिन्यांच्या पुंजक्यांना लागून असलेल्या पेशींत तो साठलेला असतो. झाडाने हा कडू रस स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलेला आहे, आपल्या बद्धकोष्ठासाठी नाही, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही समजते. चीक उकळून आटवला की जो काळसर, चकचकीत, ठिसूळ खडा मिळतो, तोच आपला काळा बोळ. गुजरातीत त्याला एळियो म्हणतात. मुका मार लागला की आंबेहळद, रक्तबोळ आणि काळा बोळ सहाणेवर उगाळून, कोमट करून लेप लावायचा, हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जुन्या व्यापारी नोंदींत सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जाफराबादच्या बोळाचा स्वतंत्र उल्लेख येतो, म्हणजे हा माल गुजरातला नवा नाही. आयुर्वेदातही हाच घनरस कन्यासार या नावाने पाळी आणण्यासाठीच्या रजःप्रवर्तिनी वटीत हिंग, टंकण (टाकणखार) आणि कासीस (लोहाचा क्षार) यांच्या जोडीला घातला जातो. नुसता गर वापरून ती वटी होत नाही, कारण तिथे अपेक्षित असलेले तीक्ष्ण कार्य गरात नाहीच.

१८५१ साली एडिंबरोच्या टी. आणि एच. स्मिथ यांनी बार्बाडोसहून आलेल्या बोळातून एक पिवळा स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. त्याला आज ॲलोइन किंवा बार्बलोइन म्हणतात आणि रेचक गुण मुख्यतः त्याचा आहे. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ॲलो-इमोडिन नावाच्या रसायनाच्या एका रूपाला ग्लुकोजचा एक कण जोडलेला असतो, आणि तो जोड नेहमीच्या शर्करा-जोडासारखा ऑक्सिजनमार्फत नसून थेट कार्बनशी असतो, त्यामुळे तो सहजी तुटत नाही. जठरातल्या आम्लाला आणि लहान आतड्यातल्या विकरांना तो दाद देत नाही. ॲलोइन बऱ्याच अंशी जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथले जिवाणू तो जोड तोडतात. मोकळे झालेले रसायन आतड्याच्या भिंतीला चेतवते, पाणी आणि क्षार पुन्हा शोषले जाण्याची क्रिया अडवते आणि आतड्याची हालचाल वाढवते. एवढा प्रवास व्हायचा असल्याने परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो. म्हणूनच असे रेचक रात्री घेऊन सकाळची वाट पाहायची असते. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी हे फार सुबक रीतीने दाखवले. ज्यांच्या आतड्यांत एकही जिवाणू नव्हता अशा उंदरांना बार्बलोइनने जुलाब झाले नाहीत. माणसाच्या आतड्यातील एक विशिष्ट जिवाणू त्यांच्या पोटात वसवल्यावर मात्र त्यांना जोराचे जुलाब झाले. एकाच पेल्यातल्या रसाने एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला मुरडा येऊन घाम फुटतो, त्याचे एक कारण यात आहे.

प्रयोगशाळेत बोळाची ओळख पटवण्याची एक जुनी चाचणी मला अजूनही आवडते. बोळाचे पाण्यातले द्रावण थोड्या टाकणखारासोबत गरम करायचे आणि त्याचे काही थेंब पाण्याने भरलेल्या परीक्षानळीत सोडायचे. तपकिरी द्रवातून हिरवी झळाळी उमटते आणि अतिनील दिव्याखाली धरली तर ती अधिकच उठून दिसते. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी ही चाचणी मुद्दाम करायला लावीत असे, कारण त्यातून त्यांना न सांगता कळायचे की हाताखालचा खडा म्हणजे मोजता येणारे, नियमांत बांधता येणारे औषध आहे. युरोपीय औषधकोशाने बार्बाडोस बोळात बार्बलोइनच्या हिशेबाने किमान २८ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेच्या केप बोळात किमान १८ टक्के सक्रिय द्रव्य असावे असे घालून दिले आहे. प्रौढ माणसासाठी या द्रव्याची दिवसाची मात्रा अवघी १० ते ३० मिलिग्रॅम, तीही अधूनमधून होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी आणि एक-दोन आठवड्यांहून जास्त नाही. अंगणातले पान तोडून मिक्सरमध्ये घालणाऱ्याच्या हाती असा कोणताही हिशेब नसतो, कारण झाडाचे वय, ऋतू, पाणी आणि कापण्याची पद्धत यांनुसार चिकाचे प्रमाण बदलत राहते.

कमाटीबागेच्या परिसरात हिवाळ्याच्या सकाळी रसाच्या गाड्या लागतात. कारले, दुधी, आवळा, गव्हांकुर आणि कुंवारपाठुं, म्हणजे कोरफड, जे हवे ते. एका गाडीवाल्याला मी पाने सालीसकट यंत्रात टाकताना पाहिले आणि विचारले की पिवळे पाणी आधी निथळून का टाकत नाहीस. तो हसून म्हणाला, "मासी, जेटलुं कडवुं एटलुं सारुं." शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मान डोलावली आणि आपण रोज घेतो, पोट एकदम साफ होते, असे अभिमानाने सांगितले. त्या दोघांचे बोलणे आपल्या सगळ्यांच्या मनातलेच आहे: कडू ते औषध, औषध ते झाडपाल्याचे, आणि झाडपाल्याचे ते निरुपद्रवी. माझा आक्षेप शेवटच्या पायरीला आहे. सालीसकट वाटलेल्या पानाने पोट साफ होते ते आतड्याच्या भिंतीला डिवचल्यामुळे, आणि ज्याला आपण गुण आल्याची खूण मानतो ती चिकाच्या त्रासाचीच खूण असते.

रोजच्या रोज असे डिवचत राहिल्यावर काय होते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. पातळ शौचातून पाण्याबरोबर पोटॅशियम जाते. निरोगी तरुण माणसाला दोन दिवस याचे काही वाटणार नाही, पण आपल्या घरांतले रसाचे ग्राहक बहुधा साठीच्या पुढचे असतात आणि त्यांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो. हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्याच्या रक्तातले पोटॅशियम उतरले तर त्या औषधाची विषबाधा होऊ शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच बहुधा पोटॅशियम घालवत असते, त्यात ही भर पडते. मधुमेहाच्या औषधांसोबत कोरफड घेतली तर साखर अपेक्षेपेक्षा जास्त उतरण्याची शक्यता धरावी लागते. दीर्घकाळ अशी रेचके घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काळपट तपकिरी रंग चढतो, जो दुर्बिणीने तपासताना दिसतो. तो रंग स्वतः फारसा घातक मानला जात नाही आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातो. लघवीला लालसर छटा येते तीही याच रसायनांची, पण ती पाहून घाबरून रात्री-अपरात्री दवाखान्यात धावलेली माणसे मला माहीत आहेत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा बोळ काढून टाकला. तिथे निर्णायक ठरलेली गोष्ट अशी, की मागितलेली सुरक्षिततेची माहिती उत्पादकांनी पुरवलीच नाही. त्यानंतर २०१३ मध्ये त्याच देशाच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाचा अहवाल आला. संपूर्ण पानाचा, रंगहीन न केलेला, म्हणजे पिवळी द्रव्ये न काढलेला, अर्क दोन वर्षे पिण्याच्या पाण्यातून दिल्यावर नर आणि मादी दोन्ही प्रकारच्या मोठ्या उंदरांच्या, म्हणजे घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या, मोठ्या आतड्यात गाठी आणि कर्करोग झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला. लहान जातीच्या उंदरांत मात्र तसे काही आढळले नाही. याच आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाच्या अर्काला "माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता" या २ब गटात घातले. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. पूर्व आशियातील पारंपरिक खारवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. (आपले कैरीचे लोणचे त्यात येत नाही, एवढा खुलासा करून ठेवते, नाहीतर फोन येतील.)

या अहवालावरून दोन्ही टोकांचे निष्कर्ष काढले गेले आहेत आणि मला दोन्ही मान्य नाहीत. "कोरफडीने कर्करोग होतो" असे म्हणणारे हे विसरतात की तपासलेला पदार्थ चिकासकट पानाचा अर्क होता, सोललेला गर नव्हता. "उंदरांवरचे प्रयोग आपल्याला लागू नाहीत" असे म्हणणारे हे विसरतात की वर सांगितलेली जिवाणूंची क्रिया आपल्याच आतड्यात चालते. युरोपीय संघाने मार्च २०२१ मध्ये ॲलो-इमोडिन आणि त्या कुळातली द्रव्ये असलेले कोरफडीच्या पानांचे अर्क खाद्यपदार्थांत घालण्यावर बंदी आणली आणि २०२४ मध्ये तिथल्याच न्यायालयाने त्या बंदीतला कोरफडीविषयीचा भाग रद्द केला. वाद अजून मिटलेला नाही. रोज घेणाऱ्याने मात्र तो मिटेपर्यंत चीक पोटात घालत राहण्याचे काही कारण मला दिसत नाही.

यकृताचा प्रश्न वेगळा आणि दुर्मिळ आहे. २००५ साली जर्मनीतून कोरफडीच्या गोळ्या घेणाऱ्या एका स्त्रीला तीव्र हेपटायटिस झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि नंतर इतर देशांतूनही तशा नोंदी आल्या. त्यांत समान गोष्ट अशी, की काही आठवडे किंवा महिने सेवन झाल्यावर कावीळ दिसली आणि कोरफड थांबवल्यावर बहुतेक रुग्ण बरे झाले. हा मात्रेचा सरळ परिणाम दिसत नाही. एखाद्याच्याच शरीराची ती प्रतिक्रिया असावी. डॉक्टरांना औषधे सांगताना आपण रस, चूर्ण आणि काढे वगळतो, कारण आपल्या लेखी ती औषधे नसतातच, आणि मग काविळीचे कारण शोधण्यात वेळ जातो.

गर्भारपणात कोरफडीचा चीक, बोळ किंवा त्यापासून केलेली कोणतीही वटी घेऊ नये. आतड्यासोबत गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा आणि आकुंचने वाढण्याची भीती असते, आणि पाळी आणण्यासाठी हे औषध वापरत आले यातच पुरेसा इशारा आहे. बारा वर्षांखालच्या मुलांनाही रेचक म्हणून ते देत नाहीत. आपल्याकडे मूल अंगावरून तोडताना स्तनाग्रांना कोरफडीचा कडू चीक लावण्याची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. मूल तोंड वाकडे करते हे खरे, पण थोडा चीक त्याच्या पोटात जातो आणि जुलाब होतात. तान्ह्याच्या खोकल्यावर पान भाजून, पिळून, मधातून चाटवण्याचा उपाय सांगणाऱ्या आत्या-मावश्या घरोघरी आहेत. त्यांना माझे सांगणे असते की भाजण्याआधी साल पूर्ण काढा, आणि एका वर्षाखालच्या मुलाला मध मुळीच देऊ नका.

स्वयंपाकात मात्र हे झाड सांभाळायची रीत लोकांनी फार पूर्वी शोधून काढली आहे. आमच्या शेजारच्या गुजराती बेन हिवाळ्यात कुंवारपाठ्याचे शाक करतात, ते मी जवळून पाहिले आहे. पान आधी उभे ठेवून निथळू देतात, काटे आणि साल जाडसर काढतात, गराचे तुकडे मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकतात, पुन्हा उकळतात आणि पाणी पिवळे यायचे थांबले की मेथीदाणे, मोहरी आणि हिंगाच्या फोडणीत टाकतात. या प्रत्येक पायरीने पाण्यात विरघळणारे ॲलोइन निघून जाते. कारखान्यांतही हेच दोन मार्गांनी होते: एकतर गर हाताने किंवा यंत्राने सोलून काढतात, नाहीतर संपूर्ण पान वाटून अर्क सक्रिय कोळशातून गाळतात, ज्यात पिवळी द्रव्ये अडकून राहतात. बाटली घेताना लेबलावर आतल्या गराचा रस आहे की संपूर्ण पानाचा अर्क, आणि संपूर्ण पानाचा असेल तर तो कोळशातून गाळून रंगहीन केलेला आहे का, हे पाहावे. कोरफड उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पोटात घ्यायच्या उत्पादनांसाठी ॲलोइनची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग अशी ठरवली आहे. ज्या लेबलावर यातले काहीच लिहिलेले नाही आणि रस मात्र झणझणीत कडू लागतो, ती बाटली मी घरात ठेवणार नाही. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडीही त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी; त्यांना या चिकाने उलट्या आणि जुलाब होतात.

शेवटचा मुद्दा रोपवाटिकांचा. कोरफडीच्या प्रजाती शेकड्यांनी आहेत आणि शोभेची म्हणून मिळणारी छोटी, ठिपकेदार पानांची रोपे बहुधा वेगळ्याच प्रजातींची असतात. त्यांतल्या काहींत, उदाहरणार्थ मादागास्करच्या ॲलो डेस्कोइंग्सीमध्ये, कोनीनच्या कुळातले अल्कलॉइड सापडले आहे. सॉक्रेटिसला ज्या हेमलॉकचा पेला दिला गेला, त्यातले विष त्याच कुळातले. कुंपणाला लावतात ते घायपात तर कोरफडच नाही, तरी नवख्याला ते कोरफडीसारखे दिसते. त्याचा रस त्वचेला लागला तर आग होते आणि फोड येतात, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कोरफडीचे पान सहज मोडते व आत गर असतो, तर घायपाताचे पान चिवट असते आणि फाडले की दोरखंडाला वापरतात ते धागे निघतात. पोटात किंवा अंगाला लावण्यासाठी रोप आणायचे असेल तर ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे तेच झाड वापरात आहे त्यांच्याकडून त्याचे पिल्लू मागून आणावे, आणि शोभेच्या कुंडीतले पान तोडूच नये.